काळा पाषाण आणि हरवणारी नदी



वसंतातल्या व्याख्यानांचे दिवस आणि विहिरींचे तळ दिसू लागण्याचे दिवस आपल्याकडे एकच असतात. आपण येथे संध्याकाळी निवांत येऊन बसतो, आणि त्याच वेळी कोणत्या तरी खेड्यात कोणी तरी विहिरीच्या तळाशी साचलेले घागरभर पाणी वाटीने भरत असते. तेव्हा या ऋतूत दगडाविषयी बोलावयाचे म्हटले तरी पाण्याविषयी बोलल्यावाचून सुटका नाही. महाराष्ट्राच्या भूमीपैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग ज्या एकाच दगडाचा आहे, तोच दगड आपल्या विहिरीला पाणी देतो, किंवा देत नाही. हा आपला काळा पाषाण. पाठ्यपुस्तकांत त्याला असिताश्म म्हणतात. जगभरचे भूशास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात. सह्याद्री त्याचा, गडकोट त्याचे, वेरूळचे कैलास लेणे त्याचे, आणि आपल्या घरातला पाटावरवंटाही बहुधा त्याचाच.

आज या पाषाणाच्या शोधार्थ आम्ही आपणांस फार दूर नेणार आहोत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आयडाहो नावाचे संस्थान आहे. त्याच्या दक्षिण भागात, हसऱ्या ओठांच्या आकाराचे, सुमारे ६०० किलोमीटर लांबीचे एक मैदान पसरलेले आहे. स्नेक नदीचे मैदान असे त्याचे नाव. तेथेही जमीन आपल्यासारखीच बेसॉल्टची आहे. पाऊस म्हणाल तर मैदानाच्या पुष्कळशा भागात वर्षाला अवघा ८ ते १० इंच. आपल्या दुष्काळी माणदेशातही साधारण याच्या दुप्पट पडतो. असे असून त्या मैदानाच्या पोटात पाण्याचा एवढा साठा आहे की, अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांपैकी एरी सरोवराशी त्याची तुलना करण्याचा तेथे प्रघात पडला आहे. डोंगरांतून वाहत येणाऱ्या नद्या या मैदानावर येतात आणि दिसेनाशा होतात. आणि दोनशेएक किलोमीटर दूर, एका कड्याच्या पोटातून, पाणी शेकडो धारांनी बाहेर कोसळते.

दगड तोच, पाऊस निम्मा, आणि पाणी मात्र अमाप. हे कसे? या एकाच प्रश्नाचा माग काढीत आम्ही त्या मैदानावर ज्या वाटांनी हिंडलो, त्याच वाटांनी आज आपण सर्वांनी मिळून चार सहली करावयाच्या आहेत. भूशास्त्र हे बसून शिकण्याचे शास्त्र नव्हे. हातात हातोडी, पायांत जाड तळाचे बूट आणि पाठीवर पाण्याची पिशवी, एवढे साहित्य पुरे.

निघण्यापूर्वी नकाशा एकदा नीट पाहून घेऊ. हे मैदान एकसंध दिसत असले तरी त्याचे दोन भाग दोन वेगळ्या रीतींनी घडले आहेत. पश्चिमेकडचा भाग ही खरीखुरी खचदरी आहे. भूकवच दोहों बाजूंना ताणले गेले, दोन समांतर रेषांवर तुटले आणि मधला पट्टा खाली बसला. खाटेची नवार सैल पडून मधला भाग खाली यावा, तसा. पूर्वेकडच्या भागाची कथा निराळी आहे. पृथ्वीच्या पोटात एके ठिकाणी उष्णतेचा एक झोत खालून वर येत आहे, आणि त्याच्यावरून उत्तर अमेरिकेचे भूकवच नैर्ऋत्येकडे वर्षाला एखाद्या इंचाच्या गतीने सरकत आहे. चुलीवरून तवा हळूहळू ओढीत न्यावा म्हणजे तव्यावर करपल्याची एक रेघ उमटत जाईल, तशी ही रेघ उमटली आहे. सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नेव्हाडा आणि ओरेगॉन यांच्या सीमेवर तिची सुरुवात झाली. आज तिचे टोक यलोस्टोन येथे आहे. तेथे २१ लाख, १३ लाख आणि साडेसहा लाख वर्षांच्या सुमारास तीन प्रचंड स्फोट झाले. असेच स्फोट त्यापूर्वी या मैदानाच्या जागी एकामागून एक होत गेले. चूल पुढे सरकल्यावर मागची जमीन निवाली, आकसली व खचली. आणि त्या खोलगट पट्ट्यात मागाहून बेसॉल्टचा पातळ लाव्हा भरत गेला.

येथे आपल्या घरचा एक धागा जोडून घेऊ. आपला दख्खनचा पाषाणही अशाच एका उष्ण झोतावरून भारतभूमी जात असता, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, बाहेर पडला असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आणि तो झोत आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असेही त्यांचे मत आहे. म्हणजे त्या मैदानाशी आपले नाते केवळ दगडाच्या रंगाचे नाही. एकाच जातीच्या घटनेची ही दोन अपत्ये आहेत. एक वृद्ध, आणि दुसरे पाळण्यातले. हा वयाचा फरक आपण ध्यानात ठेवावा. आजच्या साऱ्या कथेची किल्ली त्यातच आहे.

आता पहिली सहल. आर्को नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथून नैर्ऋत्येस अर्ध्या तासाच्या मोटारीच्या वाटेवर ‘क्रेटर्स ऑफ द मून’, म्हणजे ‘चंद्रावरील विवरे’, या नावाचा राखीव प्रदेश लागतो. १९२४ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी तो राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. त्यापूर्वी १९२० साली रॉबर्ट लिम्बर्ट नावाचा एक धाडसी गृहस्थ एका सोबत्याला आणि एका कुत्र्याला घेऊन हा प्रदेश पायी ओलांडून गेला होता. लाव्ह्याच्या धारेने बिचाऱ्या कुत्र्याचे पंजे सोलवटून निघाले आणि शेवटी त्याला उचलून न्यावे लागले. ही गोष्ट त्या दगडाच्या धारेविषयी कोणत्याही वर्णनाहून अधिक सांगून जाते.

तेथे उतरल्यावर पहिल्या क्षणी वाटते की, हे कोणी तरी काल नांगरून ठेवलेले काळे शेत आहे. क्षितिजापर्यंत काळा लाव्हा. त्याचे दोन प्रकार डोळ्यांनी सहज ओळखता येतात. एकाचा पृष्ठभाग गुळगुळीत, कोठे दोरखंडाला पीळ द्यावा तसा वळ्यावळ्यांचा, तर कोठे दुधावरच्या सायीला सुरकुत्या पडाव्यात तसा. दुसरा सगळा खडबडीत, वीटभट्टीतल्या खंगरांचा ढीग ओतावा तसा. हवाई बेटांतील लोकांनी या दोघांना ‘पाहोएहोए’ आणि ‘आआ’ अशी नावे दिली, आणि तीच नावे शास्त्रात रूढ झाली. ‘आआ’वर अनवाणी चालणाऱ्याच्या तोंडून हाच उद्गार निघेल, असे आपण गमतीने म्हणू.

या प्रदेशातला लाव्हा एकाच उंच पर्वताच्या शिखरातून आलेला नाही. ज्वालामुखी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जपानचा फुजियामा उभा राहतो; येथे तसे काही दिसत नाही. येथे मैदानावर आडवी, वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेली, सुमारे ८५ किलोमीटर लांबीची एक भेग आहे. तिला ‘ग्रेट रिफ्ट’, म्हणजे महाभेग, म्हणतात. भूकवच ताणले गेले, भेग उसवली, आणि तिच्यातून लाव्हा कारंज्यासारखा वर आला. ‘इन्फर्नो’ नावाच्या काळ्या टेकडीवर चढून उभे राहावे. ती टेकडीच मुळी कारंज्यातून उडालेल्या खंगराच्या खड्यांची बनलेली असल्यामुळे पाऊल दोन बोटे आत रुतते. वर गेल्यावर अशाच टेकड्या ओळीने उभ्या दिसतात. ती ओळ म्हणजेच भेग. दख्खनचा लाव्हाही भेगांतूनच आला. धुळे-नंदुरबारच्या बाजूला शेतांतून मैलोगणती गेलेल्या ज्या काळ्या दगडी भिंती दिसतात, त्या अशाच भेगांत गोठून राहिलेल्या लाव्ह्याच्या आहेत. आपल्याकडे भेगेचा सांगाडा पाहावयास मिळतो. तेथे भेगेवरची जखम अजून ओली असल्यासारखी वाटते.

आणि ती फार जुनी नाहीच. या महाभेगेवर गेल्या १५,००० वर्षांत आठ वेळा उद्रेकांचे पर्व आले. शेवटचे पर्व होऊन सुमारे २,००० वर्षे झाली. श्रोतेहो, हा काळ कोणता? पैठणास सातवाहनांचे राज्य होते आणि मावळात कार्ल्याचे लेणे खोदले जात होते, साधारण तो. आपले कारागीर ६ कोटी वर्षांच्या थंड पाषाणात छिन्नी चालवीत होते, तेव्हा त्याच जातीचा पाषाण आयडाहोत लाल रसाच्या रूपाने वाहत होता.

याच ठिकाणी लाव्ह्याचे बोगदे आहेत. वाहत्या लाव्ह्याचा वरचा थर हवेने थिजतो, त्याचे छप्पर होते आणि आतला रस वाहत राहतो. उगमाकडचा पुरवठा थांबला म्हणजे आतला रस निघून जातो आणि पोकळ नळी मागे उरते. ‘इंडियन टनेल’ नावाचा बोगदा ८०० फूट लांब आणि ३० फूट उंच आहे. शोशोनी जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या या प्रदेशातून ये-जा करीत. बोगद्याजवळ त्यांनी रचलेली दगडी वर्तुळे अद्याप आहेत. तेथील काही थंड गुहांत भर उन्हाळ्यातही बर्फ टिकते. १९६९ सालच्या ऑगस्टात ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल, जीन सर्नन आणि ज्यो एंगल हे चार अंतराळवीर चंद्रावरचे दगड कसे निरखावेत हे शिकण्यासाठी येथे आले होते. त्यांपैकी पहिले तिघे पुढे प्रत्यक्ष चंद्रावर चालले.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने येथे एकच गोष्ट टिपून ठेवावयाची. हा लाव्हा पोकळ्यांनी भरलेला आहे. वरचा पोपडा फुटलेला, खालचा खंगरांचा थर सैल, मध्ये थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा, त्यांखाली बोगदे. बादलीभर पाणी ओतले तर ते पृष्ठभागावर क्षणभरही ठरत नाही. या प्रदेशात ओढा नाही, डबके नाही. बर्फ वितळते आणि थेट पाताळात जाते.

दुसरी सहल आर्कोच्या पूर्वेस, मैदानाच्या ऐन मध्यात. ‘बिग सदर्न ब्यूट’ नावाचा एक एकाकी डोंगर येथे मैदानातून सुमारे अडीच हजार फूट वर आला आहे. तो सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचा. त्याचा दगड बेसॉल्टचा नाही. तो फिकट रंगाचा, काचेसारखा, रायोलाइट नावाचा दगड आहे. बेसॉल्टचा लाव्हा काकवीसारखा वाहतो. रायोलाइटचा लाव्हा मळलेल्या कणकेसारखा घट्ट, तो वाहत नाही, जागच्या जागी फुगतो. फुगताना त्याने वरचा बेसॉल्टचा थर खांद्यावर उचलून धरला. उत्तरेच्या उतारावर ती कललेली लादी आजही दिसते. जवळच १९७९ साली तीन किलोमीटरांहून खोल एक भोक पाडण्यात आले. त्यात वरचे काही शेकडो मीटर बेसॉल्ट आणि गाळ लागला. त्याखाली तळापर्यंत रायोलाइटच. चूल आणि तवा यांची जी कथा मघाशी सांगितली, तिचा हा पुरावा.

याच डोंगरावरून ‘बिग लॉस्ट’, म्हणजे मोठी हरवलेली, नदी दिसते. ती पर्वतांतून खळाळत येते, आर्को गावावरून मैदानात उतरते, एक मोठे वळण घेऊन उत्तरेस वळते, आणि मैदानातच संपते. समुद्र नाही, संगम नाही. आपल्या पुराणांत सरस्वती गुप्त झाली. ही नदी दर वर्षी आपल्या डोळ्यांदेखत गुप्त होते. 

आता याच जागी माणसाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९४९ साली अमेरिकेच्या सरकारने अणुभट्ट्यांच्या प्रयोगांसाठी हाच निर्जन प्रदेश निवडला. १९५१ सालच्या २० डिसेंबरला येथील एका भट्टीने चार दिवे पेटविले. अणुशक्तीपासून उपयोगी वीज निर्माण झाली ती प्रथम येथे. ती इमारत आज पाहावयास खुली आहे, आणि ती पाहताना मनात आदर दाटून येतो. पण तेथेच दुसरीही एक गोष्ट घडत होती. पन्नाशीच्या दशकापासून १९८४ पर्यंत तेथील किरणोत्सर्गी अंश असलेले सांडपाणी एका खोल विहिरीवाटे थेट खडकात सोडले जात होते. कोलोरॅडोतील अण्वस्त्रांच्या कारखान्यातून आलेला प्लुटोनियममिश्रित कचरा १९५४ ते १९७० या काळात उथळ खड्ड्यांत पुरला गेला. खाली भूजल २०० ते ९०० फुटांवर. म्हणजे मध्ये पुष्कळ दगड आहे, असे त्या वेळी वाटले असेल. परंतु पहिल्या सहलीत आपण पाहिले की, हा दगड म्हणजे चाळण आहे. भूजलात ट्रिटियम उतरले आणि मोजले गेले. आयडाहोच्या लोकांनी हा प्रश्न लावून धरला. १९९५ साली संस्थान आणि मध्यवर्ती सरकार यांच्यात कचरा हलविण्याचा करार झाला. पुरलेल्यांपैकी ठरलेला कचरा उकरून काढण्याचे काम २०२२ साली पुरे झाले. सांडपाण्याची विहीर बंद झाल्यावर ट्रिटियमचे प्रमाणही दशकानुदशके उतरत गेले. जी वस्तू पुरण्यास वर्षे लागली, ती उकरण्यास पिढी लागली. जमिनीखाली गेलेली वस्तू नाहीशी झाली, असे मानण्याची सवय माणसाला सगळीकडेच आहे. आपल्या गावच्या ओढ्याकाठच्या कचऱ्याकडे पाहिले तरी पटेल.

तिसरी सहल छोटी आहे. मैदानाच्या ईशान्य भागात, स्नेक नदीच्या दोन शाखा जेथे मिळतात तेथे, मेनान नावाचे दोन बसके, रुंद तोंडाचे शंकू आहेत. यांचा दगड काळा नाही, पिवळट-तपकिरी आहे. आणि त्यात नदीतले गोल गुळगुळीत गोटे अडकलेले आहेत. ज्वालामुखीत नदीचे गोटे कोठून आले? वर येणाऱ्या लाव्ह्याला नदीकाठच्या गाळात पाणी भेटले. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तशी वाफ झाली. त्या स्फोटाने लाव्ह्याची बारीक काचेरी राख केली आणि गाळातले गोटेही तिच्याबरोबर उडविले. राख शंकूच्या आकाराने साचली आणि घट्ट झाली. महाभेगेवर दक्षिणेकडे ‘किंग्ज बोल’ नावाचा एक खड्डा आहे, तोही असाच सुमारे २,२०० वर्षांपूर्वी पाणी आणि रस यांच्या भेटीत उडाला. तेव्हा या मैदानात अग्नी आणि जल पूर्वीपासून एकाच घरात नांदत आले आहेत.

आता चौथी सहल, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर. आपण मैदान ओलांडून नैर्ऋत्येस, स्नेक नदीच्या खोल दरीकडे येतो. ट्विन फॉल्स गावाजवळ शोशोनी धबधबा २१२ फुटांवरून कोसळतो. दरीत जागोजाग घरांएवढे गोल धोंडे पडलेले आहेत. ते नदीच्या नेहमीच्या पाण्याने आणलेले नाहीत. सुमारे १८,००० वर्षांपूर्वी दक्षिणेस, आजच्या युटा संस्थानात, बॉनव्हिल नावाचे एक विशाल सरोवर होते. रेड रॉक खिंडीतला मातीचा नैसर्गिक बांध फुटला आणि ते पाणी या दरीत घुसले. मातीचे धरण फुटणे म्हणजे काय, हे १९६१ सालच्या जुलैत पानशेत फुटले तेव्हा पुण्याने पाहिले आहे. येथे ऐन भरात सेकंदाला सुमारे १० लाख घनमीटर पाणी वाहिले असे गणित आहे. कलिंगडांची रास लोटून द्यावी तसे ते धोंडे लोटले गेले, म्हणून शास्त्रज्ञांनी त्या गोट्यांना खरबुजांचेच नाव देऊन टाकले.

पण आम्हांला दाखवावयाचे आहे ते याच्याही पुढे, हेगरमन गावाजवळ. दरीच्या उत्तरेकडच्या उभ्या कड्यातून, माथ्याच्या बरेच खाली, पाणी बाहेर पडते. एक धार नव्हे. कित्येक किलोमीटरपर्यंत धारांची झालर लागलेली. या जागेला ‘थाउजंड स्प्रिंग्ज’, म्हणजे सहस्रधारा, म्हणतात. पाणी बारमाही, निर्मळ आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात साधारण एकाच तपमानाचे. त्यावर ट्राउट मासे पाळण्याचा फार मोठा धंदा उभा राहिला आहे. दरीच्या या पट्ट्यात उत्तरेच्या कड्यातून बाहेर येणारे सारे पाणी मिळून आज सेकंदाला ५,२०० घनफुटांच्या आसपास, म्हणजे तितके क्यूसेक, भरते. त्याने आपले खडकवासला धरण साडेचार दिवसांत भरून जाईल.

कड्याजवळ जाऊन दगड पाहावा. पाणी जेथून येते तेथला बेसॉल्ट उशा रचून ठेवल्यासारखा दिसतो. लाव्हा पाण्यात शिरला की त्याचे गोळे थिजतात, एकावर एक पडतात, आणि उशांच्या राशीत जशा फटी राहतात तशा त्यांच्यामध्ये फटी राहतात. फार पूर्वी स्नेक नदीची जुनी दरी लाव्ह्याने भरली. नदी दक्षिणेस सरकली आणि जुनी दरी उशांनी भरलेली तशीच पोटात राहिली. आता भूजल त्या जुन्या दरीतूनच वाट काढते.

आता सारे दुवे जुळवू. पर्वतांवर बर्फ पडते. वितळून नद्या होतात. नद्या मैदानावर येऊन पोकळ्यांत उतरतात. लाव्ह्याच्या शेकडो प्रवाहांची चळत एकावर एक आहे. प्रत्येक प्रवाहाचा माथा फुटका आणि तळ सैल, त्यामुळे दोन प्रवाहांच्या सांध्यातून पाणी आडवे धावते. धावते म्हणजे दिवसाला काही फूट. पण भूजलाच्या मानाने ही घोडदौडच. हरवलेल्या नदीचे पाणी सहस्रधारांपर्यंत पोचण्यास एखाद-दुसरे शतक लागत असावे. पेशवाई बुडाली त्या सुमारास जिरलेल्या पाण्याचा काही अंश आज कड्यातून बाहेर पडत असेल.

मग आपला पाषाण असा का नाही? तोही असाच होता! सह्याद्रीच्या घाटात आजही प्रवाहावर प्रवाह मोजता येतात. परंतु त्याला ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. एवढ्या काळात त्याच्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले, आणि जाताना विरघळलेले क्षार मागे ठेवीत गेले. बुडबुड्यांच्या जागा स्फटिकांनी भरल्या. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या खाणींत मिळणारे झिओलाइटचे जे देखणे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत, ते दुसरे काय आहेत? आपल्या पाषाणाच्या पाणी धरण्याच्या जागा त्या स्फटिकांनी अडविल्या आहेत. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो हाच पांढऱ्या ठिपक्यांचा दगड. दोन प्रवाहांच्या सांध्यात जी लाल माती सापडते, तीही चिकण. पाणी सहसा पुढे जाऊ देत नाही. राहिला वरचा कुजलेला मुरूम आणि खालच्या पाषाणातल्या भेगा. आपल्या विहिरींचे सारे पाणी त्यांतच. अशा दगडाच्या शंभर घनफुटांतून निथळून मिळणारे पाणी बहुधा एक ते तीन घनफूट. आयडाहोचा पाषाण रांजण आहे. आपला पाषाण वाटी आहे.

येथे कोणी म्हणेल, मग त्यांची चैन आहे. चैन असती तर हे व्याख्यान आम्ही येथेच थांबविले असते. त्या रांजणाचा हिशेब ऐका. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या कड्यांतून सुमारे ४,२०० क्यूसेक पाणी येत असे. पुढे १९०५ सालचे मिलनर धरण, १९०६ सालचे मिनिडोका धरण आणि त्यांचे कालवे झाले. शेतकरी पाटाने सढळ पाणी देत. त्यातले पुष्कळसे जिरून खाली जाई. परिणामी पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी झरे ६,८०० क्यूसेकपर्यंत वाढले. मग विजेचे पंप आले, विहिरी खोल गेल्या. तुषार सिंचन आले आणि पाटाची गळती कमी झाली. वरून जिरणे घटले, खालून उपसा वाढला, आणि तेव्हापासून साठा उतरू लागला. काटकसर म्हणून जे केले तेही खालच्या साठ्याला बाधले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आणि मग भांडण. ज्याने आधी पाणी घेतले त्याचा हक्क आधी, असा तेथील कायदा आहे. झऱ्यांवरचे व कालव्यांवरचे हक्क जुने, विहिरींचे नवे. एकाने पंप सुरू केला की दूरवरच्या दुसऱ्याचा झरा बारीक होतो. मात्र तो होण्यास वर्षे लागतात, म्हणून दोष कोणाचा हे सहज दिसत नाही. शेवटी २०१५ साली विहिरीवाल्यांनी दर वर्षी २ लाख ४० हजार एकर-फूट उपसा कमी करावा, असा समझोता झाला. आपल्या मापाने हे सुमारे साडेदहा टीएमसी, म्हणजे जवळजवळ एक पानशेत धरण. तरीही वाद मिटला नाही. २०२४ सालच्या मे महिन्यात सुमारे ५ लाख एकरांवरचे विहिरींचे पाणी बंद करण्याचा हुकूम सुटला. मग तडजोडी झाल्या आणि नोव्हेंबरात नवा करार झाला. आज तेथे हिवाळ्यात कालव्यांचे पाणी मुद्दाम लाव्ह्याच्या खड्ड्यांत सोडून जिरविण्याचे काम चालते. पाणी अडवा, पाणी जिरवा. ही आपली घोषणा त्यांनी ऐकली नसेल; दगडाने त्यांना ती शिकविली.

या चार सहलींतून आम्हांला जे सांगावयाचे आहे ते थोडेच आहे. एरी सरोवराशी ज्याची तुलना होते तो रांजण एका शतकात माणसाने खाली आणला, आणि तो सावरण्यासाठी शेजाऱ्याशेजाऱ्यांना कज्जे करावे लागले. मग आपल्या वाटीचे काय? वाटीतले पाणी पावसाळ्यानंतर भरते आणि वैशाखापर्यंत पुरवावयाचे असते. एकाने तीनशे फूट बोअर मारून शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी ओढले, तर आयडाहोत ते कळण्यास वर्षे लागतात. आपल्याकडे एखाद्या हंगामातच विहीर सांगते. वाटी लहान आहे हे दुर्दैव खरे. पण त्यात एक सोय आहे. लहान वाटी एका पावसाळ्यात पुन्हा भरते, आणि ती कोणी रिकामी केली हे गावाला दिसते. म्हणून ज्या गावाने आपला पाण्याचा ताळेबंद मांडावयाचे ठरविले, त्याला त्याचे फळ आपल्या हयातीत पाहता येते. आयडाहोच्या शेतकऱ्याला कदाचित नातवाची वाट पाहावी लागेल.

त्यासाठी आयडाहोस जाण्याचे कारण नाही. या उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा कोरड्या पडलेल्या विहिरीच्या काठावरून आत डोकावून पाहा. वरचा मुरूम किती, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या कोठे, निबर काळा पाषाण कोठे लागला, लाल मातीचा पट्टा आहे का, आणि ओलीची रेघ नेमकी कोणत्या सांध्यातून आली आहे, एवढे वहीत उतरवून घ्या. बरोबर मुलांना न्या, आणि जुन्या विहीर खोदणाऱ्याला न्या. पुस्तकात नाही ते त्याच्या बोटांना ठाऊक असते. दहा विहिरींच्या अशा दहा नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की, आपल्या गावाची वाटी केवढी आहे आणि तीत कोठून पाणी येते हे दिसू लागेल. मग उपसा किती करावयाचा आणि बांध कोठे घालावयाचा, याचा विचार गावाने बसून करता येईल.